फर्मी लेव्हल उतारावर पाहिजे: थर्मोइलेक्ट्रिकवर तुमचे प्रश्न

गेल्या अंकात थर्मोइलेक्ट्रिक पदार्थांबद्दल लिहिलं होतं, म्हणजे एक टोक गरम आणि दुसरं थंड ठेवलं की ज्यांच्यातून सरळ वीज मिळते ते पदार्थ. शेवटी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं की या पदार्थांच्या आत नेमकं काय चाललंय ते कळायचं असेल तर फोटोएमिशन करावं लागतं, म्हणजे पदार्थावर प्रकाश टाकून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मोजावे लागतात. त्या एका वाक्यावरच सगळ्यात जास्त प्रश्न आलेत, आणि मला त्याचा फार आनंद झाला कारण माझी पीएचडीची सगळी वर्षं याच कामात गेली. सगळ्यांना उत्तरं देता येणार नाहीत, पण सारखे सारखे प्रश्न एकत्र करून घेतलेत.

प्रश्न: मॅडम, मी चाकणला गाड्यांच्या एक्झॉस्टचं काम करतो. सायलेन्सर एवढा तापतो, ती सगळी उष्णता हवेत जाते. तुमचा पदार्थ त्याला चिकटवला की वीज मिळायला पाहिजे. मग अजून प्रत्येक गाडीत हे का नाही? आणि त्यात इलेक्ट्रॉनची रचना बघायची काय गरज?

उत्तर: वीज मिळते दादा, त्यात शंका नाही. १९७७ साली सोडलेली दोन्ही व्हॉयेजर यानं याच तत्त्वावर चालतात, आत प्लुटोनियम तापतं आणि सिलिकॉन-जर्मेनियमच्या तुकड्यांतून वीज निघते, एकही भाग हलत नाही. मंगळावरच्या क्युरिऑसिटी गाडीतही हेच आहे, फक्त पदार्थ वेगळा. पण तिथला हिशोब बघा, आत साधारण २००० वॅट उष्णता तयार होते आणि सुरुवातीला वीज मिळत होती ११० वॅटच्या आसपास. म्हणजे शंभरातले पाच-सहा. अवकाशात हे चालतं कारण तिथे दुसरा इलाज नाही, गाडीत मात्र किंमत आणि वजन धरलं की परवडत नाही.

आता हे प्रमाण वाढवायचं कसं? या पदार्थांचा दर्जा झेडटी नावाच्या आकड्याने मोजतात. सीबेक व्होल्टेजचा वर्ग, गुणिले विद्युतवाहकता, गुणिले तापमान, आणि भागिले उष्णतावाहकता. एका अंशाच्या फरकाला किती व्होल्ट मिळतात तो सीबेक, १८२१ मध्ये बर्लिनमध्ये थॉमस सीबेकने हे पहिल्यांदा बघितलं म्हणून त्याचं नाव. तांब्यातून वीज मस्त वाहते पण सीबेक अंशाला दोन मायक्रोव्होल्टसुद्धा नाही. बिस्मथ टेल्युराइडमध्ये तोच २०० च्या घरात. इन्सुलेटरकडे जावं तसा सीबेक वाढतो पण वीज वाहायची थांबते. आणि अडचण अशी की सीबेक असो, वाहकता असो, उष्णता नेण्यातला काही वाटा असो, हे सगळं तेच इलेक्ट्रॉन करतात, त्यामुळे एक सुधारायला जावं तर दुसरं बिघडतं. म्हणून ते इलेक्ट्रॉन पदार्थात कुठल्या ऊर्जेला, किती, आणि कुठल्या दिशेने पळतायत हे बघावं लागतं. त्यालाच इलेक्ट्रॉनिक स्ट्रक्चर म्हणतात.

प्रश्न: मी कोल्हापूरला एमएस्सी करतेय. आमच्या लॅबमध्ये सीबेक आणि रेझिस्टिव्हिटी (विजेला होणारा अडथळा) दोन्ही मोजता येतात. आकडे चांगले आले तर पदार्थ चांगला. मग फोटोएमिशनने वेगळं काय कळतं?

उत्तर: तुला एक खरी गोष्ट सांगते, याच्यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

लोखंड, व्हॅनेडियम आणि ॲल्युमिनियम यांचा एक मिश्रधातू आहे, दोन भाग लोखंड आणि बाकी दोन्ही एकेक. तिन्ही धातूच, त्यामुळे मिश्रधातू पण धातूसारखाच वागायला हवा ना, तापमान कमी केलं की रेझिस्टिव्हिटी कमी व्हायला हवी. जपानमध्ये नागोयाच्या निशिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलं तर उलटंच, थंड करत गेलं की रेझिस्टिव्हिटी वाढतच गेली, अगदी सेमीकंडक्टरसारखी. आता फक्त हा ग्राफ समोर असता तर तू पण म्हणाली असतीस आणि मी पण म्हणाले असते की यात बँड गॅप आहे (इलेक्ट्रॉनच्या ऊर्जांचे पट्टे म्हणजे बँड, दोन पट्ट्यांमधली रिकामी जागा म्हणजे गॅप), लिहा पेपरमध्ये. पण त्यांनी त्याच पदार्थावर फोटोएमिशन केलं, आणि त्यात फर्मी एज स्वच्छ दिसली. इलेक्ट्रॉन ज्या ऊर्जेपर्यंत भरतात ती फर्मी लेव्हल, आणि तिथे ते एकदम संपतात ती कड म्हणजे एज. म्हणजे फर्मी लेव्हलपर्यंत इलेक्ट्रॉन भरलेले आहेत आणि तिथे गॅप नाही. १९९७ मध्ये हे छापून आलं तेव्हा लोक चक्रावले होते, रेझिस्टिव्हिटी म्हणते सेमीकंडक्टर आणि फोटोएमिशन म्हणतं धातू.

मग खरं काय? बँडची गणितं केली तेव्हा चित्र जुळलं. फर्मी लेव्हलपाशी इलेक्ट्रॉनच्या जागा पूर्ण संपत नाहीत पण खूप कमी होतात, एक खोल दरी तयार होते, त्याला स्यूडोगॅप म्हणतात. आणि हा पदार्थ बरोबर त्या दरीच्या तळाशी बसलाय. बाहेरच्या इलेक्ट्रॉनचा हिशोब करून बघ, लोखंडाचे ८ आणि ८, व्हॅनेडियमचे ५, ॲल्युमिनियमचे ३, एकूण २४ इलेक्ट्रॉन, चार अणूंना सहा-सहा.

आता थर्मोइलेक्ट्रिकवाल्यांना हे ऐकून इतका आनंद का व्हावा? कारण सीबेक हा उताराचा खेळ आहे. गरम टोकाला फर्मी लेव्हलच्या जरा वर गेलेले इलेक्ट्रॉन असतात आणि जरा खाली रिकाम्या झालेल्या जागा असतात, दोन्ही थंड टोकाकडे सरकतात, आणि वरची बाजू नि खालची बाजू सारखी असेल तर त्यांचे व्होल्टेज एकमेकांना खाऊन टाकतात. सपाट पठारावर उभं राहिल्यासारखं, इकडेही तेवढंच तिकडेही तेवढंच. पण फर्मी लेव्हल कड्याच्या उतारावर असेल तर एका बाजूला गर्दी आणि दुसऱ्या बाजूला मोकळं, मग व्होल्टेज उरतं. सीबेकसाठीचं मॉटचं सूत्र तू शिकली असशील, त्यात नेमका हाच उतार आहे. दरीच्या तळाशी बसलेल्या पदार्थाला थोडंसं ढकललं की तो सरळ कड्यावर जातो. ॲल्युमिनियमच्या दहा टक्के जागी सिलिकॉन घातलं, सिलिकॉनकडे एक इलेक्ट्रॉन जास्त, फर्मी लेव्हल वर सरकली आणि खोलीच्या तापमानाला सीबेक उणे १३० मायक्रोव्होल्टपर्यंत गेला. व्हॅनेडियमच्या जागी टायटॅनियम घातलं की एक इलेक्ट्रॉन कमी, लेव्हल दुसऱ्या उतारावर आणि चिन्ह उलटं, सीबेक धन. एकाच दरीचे दोन कडे वापरून एन (सीबेक ऋण) आणि पी (सीबेक धन) दोन्ही प्रकार तयार!

नुसतं रेझिस्टिव्हिटीवर विसंबून याला छोट्या गॅपचा सेमीकंडक्टर समजलं असतं तर इतकं डोपिंग, म्हणजे असे दुसरे अणू मिसळणं, करायचं कोणाच्या मनात आलं असतं का, मला नाही वाटत. या पदार्थाचं दुखणं वेगळं आहे, उष्णता फार वाहते, बिस्मथ टेल्युराइडच्या कितीतरी पट, म्हणून झेडटी कमी राहतो. त्यावर जड अणू घालून उष्णता अडवायचे प्रयत्न झालेत. पण स्वस्त आणि मुबलक मूलद्रव्यांचा पदार्थ आहे आणि म्हणून माझा त्याच्यावर जीव आहे.

प्रश्न: मी नांदेडला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. बारावीला फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट शिकवतोच. त्याच इफेक्टने पदार्थातल्या इलेक्ट्रॉनची दिशा कशी कळते? मुलांना सांगता येईल असं सांगा.

उत्तर: सर, तुम्ही वर्गात जे शिकवता तेवढंच लागतं, फक्त एक पायरी जास्त. हर्ट्झला १८८७ मध्ये हा परिणाम दिसला, आइनस्टाइनने १९०५ मध्ये समीकरण दिलं. वर्गात आपण फोटोनची (प्रकाशकणाची) ऊर्जा देतो, वर्क फंक्शन (बाहेर पडायला लागणारी ऊर्जा) वजा करतो आणि सगळ्यात जोरात निघालेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा काढून थांबतो. इथे आपण फक्त सगळ्यात जोरात निघालेला नाही, बाहेर आलेला प्रत्येक इलेक्ट्रॉन मोजतो. जो हळू निघाला तो आत जास्त खोल बांधलेला होता. किती ऊर्जेला किती इलेक्ट्रॉन आले याचा ग्राफ काढला की आतल्या पातळ्यांचं चित्र मिळतं. उप्सालाच्या काई सीगबान यांनी हे तंत्र इतकं बारीक केलं की १९८१ चं नोबेल त्यांना मिळालं.

आता ती जास्तीची पायरी, म्हणजे कोन. फोटोनकडे या ऊर्जेला संवेग जवळजवळ नसतोच, त्यामुळे इलेक्ट्रॉन बाहेर पडताना पृष्ठभागाला समांतर असलेला त्याचा संवेग तसाच राहतो. म्हणून तो कुठल्या कोनात बाहेर आला हे मोजलं की आत कुठे चालला होता ते कळतं. फळ्यावर करून दाखवा: हेलियम लॅम्पचा फोटोन २१.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, वर्क फंक्शन ४.५ धरा, फर्मी लेव्हलवरचा इलेक्ट्रॉन १६.७ घेऊन बाहेर येतो. त्याचं वर्गमूळ ४.०९, गुणिले ०.५१२ (हा ठरलेला स्थिरांक), आले २.०९. समजा तो १० अंशांच्या कोनात निघाला, १० अंशांचा साइन ०.१७४, गुणाकार ०.३६ प्रति अँगस्ट्रॉम. हा झाला त्याचा वेव्ह-व्हेक्टर, म्हणजे संवेगाचंच माप. असे सगळे कोन आणि सगळ्या ऊर्जा मोजल्या की पुस्तकातले ते वाकडे बँड जसेच्या तसे स्क्रीनवर उमटतात. या पद्धतीला आर्पेस म्हणतात. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा बराच वेळ काही बोलले नव्हते, कारण तोपर्यंत बँड म्हणजे माझ्यासाठी पेपरात काढायची आकृती होती.

मुलांना एक गोष्ट अवश्य सांगा, ती म्हणजे हे इलेक्ट्रॉन फार वरवरून येतात. या ऊर्जेचा इलेक्ट्रॉन आतून पाच-दहा अँगस्ट्रॉम येतो तोवर कुठेतरी धडकतो आणि त्याची माहिती पुसली जाते. म्हणजे आपण फक्त वरचे दोन-चार थर बघतो. हवेत ठेवलेल्या तुकड्यावर एवढा तर मळच असतो. म्हणून नवा पृष्ठभाग व्हॅक्यूममध्येच उघडावा लागतो, आणि व्हॅक्यूम पण साधा नाही, एका मिलिबारचा एक हजार कोटीवा भाग. तेवढ्या व्हॅक्यूममध्येसुद्धा दोन-तीन तासांत पृष्ठभागावर गॅसचा एक थर बसू शकतो, तेव्हा सगळं मोजमाप घड्याळाकडे बघत करायचं.

उघडतात कसं ते पण सांगते. बिस्मथ टेल्युराइडचा क्रिस्टल पत्त्यांच्या कॅटसारखा असतो. टेल्युरियम, बिस्मथ, टेल्युरियम, बिस्मथ, टेल्युरियम अशा पाच थरांचा एक पत्ता, जाडी साधारण एक नॅनोमीटर, आणि दोन पत्त्यांमध्ये पकड एकदम सैल. तुकडा होल्डरवर सिल्व्हर इपॉक्सीने चिकटवायचा, त्याच्या डोक्यावर एक छोटी सिरॅमिकची काडी उभी चिकटवायची, चेंबरमध्ये न्यायचा, आणि आतल्या दांड्याने त्या काडीला एक टिचकी मारायची. काडी उडते, तिच्याबरोबर वरचे पत्ते जातात आणि खाली आरशासारखा पृष्ठभाग राहतो. पण टिन सेलेनाइड या दुसऱ्या थर्मोइलेक्ट्रिक पदार्थाच्या वेळी माझे दोन तुकडे लागोपाठ गेले, टिचकी मारली आणि काडीबरोबर अख्खा क्रिस्टलच चेंबरच्या तळाशी. रात्रीचे अडीच वाजले होते, बीमटाइम (मशीनवर मला मिळालेला वेळ) सकाळी आठला संपणार होता आणि एकच तुकडा उरला होता. तो नीट उघडला. खिडकीतून टॉर्च मारून बघितलं तर चकचकीत, एका कोपऱ्यात फक्त पायरी. तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं हे आजही आठवतं.

प्रश्न: टिन सेलेनाइडचं सगळीकडे एवढं नाव का आहे? जळगावहून, बीएस्सी तिसरं वर्ष.

उत्तर: कारण २०१४ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या कानाट्झिडिस यांच्या गटाने त्याच्या एकसंध क्रिस्टलमध्ये, एका ठरावीक दिशेने, ९२३ केल्विनला झेडटी २.६ दाखवला. कित्येक वर्षं लोक एक-दीडच्या आसपास घुटमळत होते. उष्णता यातून जातच नाही म्हटलं तरी चालेल, ती एक बाजू झाली. इलेक्ट्रॉनची बाजू आर्पेसने दिसते आणि मला तीच जास्त सुंदर वाटते.

एकच बँड असेल तर दोन मागण्या भांडतात. बँड चपटा असेल तर सीबेक चांगला पण इलेक्ट्रॉन जड, पळत नाहीत. बँड टोकदार असेल तर पळतात पण सीबेक कमी. मग यावर उपाय म्हणजे जवळजवळ एकाच ऊर्जेला अनेक शिखरं असलेला पदार्थ शोधायचा, प्रत्येक शिखरावर हलके होल्स (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) आणि सगळ्यांची मिळून गर्दी. लेड टेल्युराइडमध्ये हे आधीच माहीत होतं, तिथे चार हलकी शिखरं आहेत आणि जरा खाली बारा जड, तापवत गेलं की दोघांतलं अंतर कमी होत जातं. कुठल्या तापमानाला ती समान होतात यावर वाद आहे, जुन्या पुस्तकांत ४५० केल्विन सापडेल, नंतरच्या प्रकाश-शोषणाच्या मोजमापांत ते ७०० च्या आसपास गेलं. टिन सेलेनाइडमध्ये आर्पेसने दाखवलं की व्हॅलन्स बँडचं, म्हणजे भरलेल्या सगळ्यात वरच्या बँडचं, शिखर संवेगाच्या नकाशात मध्यभागी नाही, बाजूला आहे, आणि तिथे एक नाही तर जवळजवळ लागून दोन शिखरं आहेत. सोडियम घालून होल्स वाढवले की फर्मी लेव्हल खाली सरकते आणि एकापेक्षा जास्त शिखरं कामाला लागतात.

मात्र एक अडचण मोकळेपणाने सांगायला हवी. विक्रम झाला ९२३ केल्विनला. साधारण ८०० केल्विनच्या आसपास या पदार्थाची रचनाच बदलते, आणि एवढ्या तापमानाला व्हॅक्यूममध्ये ठेवला तर तो उडून जायला लागतो. त्यामुळे आर्पेसची बहुतेक चित्रं थंड अवस्थेतली आहेत, आणि थंड चित्रावरून गरम अवस्थेबद्दल बोलताना जपून बोलावं असं माझं ठाम मत आहे. शिवाय फार थंड केला आणि डोपिंग नसेल तर वीजच वाहत नाही, बाहेर गेलेल्या इलेक्ट्रॉनची भरपाई होत नाही, तुकडा चार्ज होतो आणि सगळं चित्र सरकतं.

साध्या एक्सपीएसचा, म्हणजे क्ष-किरणांनी केलेल्या फोटोएमिशनचा, उपयोग पण विसरू नकोस. पावडर दाबून केलेल्या टिन सेलेनाइडमध्ये उष्णता जास्त वाहायची, अनेकांना आकडे जुळत नव्हते, नंतर लक्षात आलं की कणांवर टिन ऑक्साइडचा पातळ थर बसतो. तो काढून टाकल्यावर २०२१ मध्ये ७८३ केल्विनला झेडटी ३.१ च्या आसपास नोंदवला गेला. असा थर आहे की नाही हे एक्सपीएसमध्ये टिनच्या शिखराशेजारी दुसरं शिखर दिसलं की लगेच कळतं.

प्रश्न: गाडीत ठेवायचा छोटा फ्रिज घेतला, त्यात कॉम्प्रेसर नाही. हाच प्रकार का? (डोंबिवलीहून एक आजी)

उत्तर: हो आजी, हाच, फक्त उलटा. वीज दिली की एक बाजू थंड, दुसरी गरम, १८३४ मध्ये पेल्टिएने दाखवलेलं. आत बिस्मथ टेल्युराइडचे छोटे छोटे ठोकळे असतात. मागची बाजू गरम होते तिथे हवा खेळती ठेवा. आणि गंमत बघा, १९५४ पासून ज्याच्यातून थंडावा काढतात त्याच पदार्थाकडे २००९ मध्ये आर्पेसने बघितलं तेव्हा कळलं की आतून तो सेमीकंडक्टर आहे पण त्याच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनचा एक वेगळाच, धातूसारखा बँड आहे. त्यावरून टोपोलॉजिकल इन्सुलेटर नावाची मोठी शाखा बहरली.

प्रश्न: माझ्याकडे फक्त दाबलेल्या पावडरच्या गोळ्या आहेत. आर्पेस होईल का? भारतात कुठे होतं? पीएचडी पहिलं वर्ष, छत्रपती संभाजीनगर.

उत्तर: गोळीवर आर्पेस होणार नाही. गोळीत लाखो कण वाटेल त्या दिशेने बसलेले असतात त्यामुळे कोन मोजून काही हाती लागत नाही. पण निराश होऊ नकोस, कोन सोडून नुसती ऊर्जा मोजणारं फोटोएमिशन होतं, आणि वर सांगितलेला लोखंड-व्हॅनेडियमचा निकाल बघ, फर्मी एज आहे का नाही एवढ्या प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळतं. गोळी व्हॅक्यूममध्ये फोडायची किंवा डायमंडच्या कानशीने खरवडायची, ऑक्सिजनचं शिखर आधी बघायचं, ते मोठं असेल तर पुन्हा खरवड.

भारतात इंदूरला राजा रामण्णा केंद्रात इंडस-१ आणि इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन (इलेक्ट्रॉन वेगाने फिरवून तीव्र प्रकाश देणारी यंत्रं) आहेत, पहिला ४५० एमईव्हीचा आणि दुसरा २.५ जीईव्हीचा, दोन्हीवर फोटोएमिशनच्या बीमलाइन (तो प्रकाश वापरून प्रयोग करायच्या जागा) आहेत. तिथलं यूजीसी-डीएई केंद्र विद्यापीठातल्या मुलांचे प्रस्ताव घेतं. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) फोटोएमिशनवर काम चालतं. आणि थर्मोइलेक्ट्रिकमध्ये आपल्याकडे काय होऊ शकतं ते बघायचं असेल तर बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातल्या कनिष्क बिस्वास यांच्या गटाचं २०२१ चं काम वाच, सिल्व्हर अँटिमनी टेल्युराइडमध्ये कॅडमियम घालून ५७३ केल्विनला झेडटी २.६, आणि त्यात उमेश वाघमारे यांच्यासारखे गणित करणारे बरोबर होते. प्रयोग आणि गणित शेजारी बसल्याशिवाय बँडचं चित्र वाचता येत नाही, त्यामुळे आधी एखादा गणित करणारा जोडीदार शोध.

प्रस्ताव लिहिताना प्रश्न एकच ठेव आणि तो उत्तर देता येईल असा ठेव. 'इलेक्ट्रॉनिक स्ट्रक्चरचा अभ्यास' असं लिहू नकोस, 'डोपिंगने फर्मी लेव्हल किती सरकते' असं लिही. सोन्याचा तुकडा बरोबर मोजायला विसरू नकोस, त्याच्यावरूनच फर्मी लेव्हल कुठे आहे ते ठरतं. खोलीच्या तापमानाला ती एज जवळजवळ ०.११ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पसरलेली असते, २० केल्विनला तीच ०.००८ वर येते, म्हणून थंड करायची सोय मागून घे. तुकडे कमीत कमी सहा घेऊन जा. आणि इपॉक्सी आदल्या दिवशी आपल्याच लॅबच्या ओव्हनमध्ये पक्की करून ने, तिथे पोचल्यावर त्याला वेळ मिळत नाही.